बाटलीवर ०.१ लिहिलंय, पण आत किती आहे?

मागच्या उन्हाळ्यात मामाचं दूध संकलन केंद्रावरून दोनदा परत आलं, आम्लता जास्त म्हणून. आम्लता मोजायला दुधातलं ॲसिड संपेपर्यंत त्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण, म्हणजे कॉस्टिक, सोडतात; १० मिली दुधाला ते १.९ मिली लागलं, म्हणजे हिशोबाने ०.१७ टक्के, आणि गाईच्या ताज्या दुधात ती साधारण ०.१३ ते ०.१५ असते, त्यामुळे केंद्रावरचा पोरगा म्हणाला की दूध आंबायला लागलंय. मामा बिचारा सांगत होता, अरे धार काढून तासभरही झाला नाही. मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असतो, मला दुधापेक्षा कॉस्टिकचीच शंका आली. त्या पोराने चांगुलपणाने थोडं कॉस्टिक प्लास्टिकच्या बाटलीत घट्ट झाकण लावून दिलं, त्यांच्या लेबलवर ०.१ नॉर्मल लिहिलेलं होतं (नॉर्मल हे द्रावणाची ताकद सांगायचं एकक).

आता बघा, कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, याचे ४ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवले की ०.१ नॉर्मल द्रावण होतं, कागदावर. पण त्याचे दाणे काट्यावर ठेवून दोन मिनिटं बघत बसा, डोळ्यांदेखत ओले चिकट होतात, हवेतलं पाणी ओढतात. म्हणजे ४ ग्रॅममध्ये खरं कॉस्टिक किती आणि पाणी किती हे वजनकाटा सांगूच शकत नाही. वर ते हवेतला कार्बन डायऑक्साइडही खातं, द्रावण झाल्यावरसुद्धा, झाकण सैल राहिलं की ताकद हळूहळू उतरत जाते. म्हणून कॉस्टिकचं द्रावण नुसतं वजन करून बनवलं की काम झालं असं होत नाही, ते तपासावंच लागतं.

तपासायला असा पदार्थ लागतो ज्याच्या वजनावर डोळे झाकून विश्वास ठेवता येईल. ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे तसे आहेत, हवेत ठेवले तरी साधारणपणे बदलत नाहीत, शुद्ध मिळतात. ६.३ ग्रॅम घ्यायचे आणि डिस्टिल्ड वॉटर घालून बरोबर १ लिटर करायचं, झालं ०.१ नॉर्मल. (विषारी आहे, पिपेट, म्हणजे द्रव मोजून ओढायची नळी, तोंडाने ओढायचं नाही, रबरी बल्ब वापरायचा.)

त्यातलं १० मिली कॉनिकल फ्लास्कमध्ये घेतलं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले (ॲसिडमध्ये बिनरंगी, कॉस्टिक वरचढ झालं की गुलाबी), पाण्यासारखं स्वच्छ. ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली आकडे लिहिलेली उभी नळी, आधी त्याच कॉस्टिकने विसळून घेतलं, कारण आत पाणी राहिलं तर द्रावण आणखी पातळ होतं. मग भरलं, तोटीतला हवेचा बुडबुडा काढला आणि वरचं फनेल काढून ठेवलं, पोरं हे हमखास विसरतात आणि मग फनेलमधून मध्येच थेंब पडून रीडिंग चुकतं.

सुरुवातीला बिनधास्त सोडायचं, एका हाताने फ्लास्क गोल गोल हलवत. थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उठतो आणि लगेच विरतो, पुढे पुढे तो विरायला वेळ लावतो, तेव्हा हात आवरायचा. मग एकेक थेंब, आणि शेवटी अर्धा थेंब तोटीला लटकवून फ्लास्कच्या काचेला टेकवायचा. ॲसिड संपलं की एका जादा थेंबात पीएच (द्रावण किती ॲसिडिक ते सांगणारा आकडा) ८ च्या आसपासवरून १० च्या वर उडी मारतो आणि फिनॉल्फ्थॅलिन नेमकं याच पट्ट्यात रंग बदलतं, म्हणून तर एवढी बारीक गोष्ट डोळ्याला दिसते. रंग फिका हवा, अर्धा मिनिट टिकणारा. नंतर उडाला तर घाबरू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतोय. भडक गुलाबी झालं तर मात्र ते रीडिंग सोडून द्या.

माझी रीडिंग मिलीमध्ये आली ११.४, ११.५, ११.४, ११.४. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग ११.४ धरलं. ॲसिड आणि कॉस्टिक दोन्हीकडे नॉर्मॅलिटी (म्हणजे किती नॉर्मल ते) गुणिले आकारमान सारखं, म्हणजे ०.१ गुणिले १० भागिले ११.४, उत्तर ०.०८७७ नॉर्मल. लिटरला ४ ग्रॅमच्या जागी साडेतीन ग्रॅम! कॉस्टिक अशक्त, म्हणून दुधाला जास्त लागलं आणि जास्त लागलं म्हणून दूध आंबट ठरलं. तेच १.९ मिली खऱ्या ताकदीने मोजलं तर आम्लता येते ०.१५ टक्के.

मी तो कागद घेऊन केंद्रावर गेलो, त्यांनी नीट ऐकून घेतलं, नवीन द्रावण केलं आणि लेबलवर आता तारीख आणि तपासलेली नॉर्मॅलिटी दोन्ही लिहितात. एक गोष्ट मात्र त्यांना परत परत सांगून आलो, काम झालं की ब्युरेट लगेच पाण्याने धुवा, कॉस्टिक राहिलं तर काचेची तोटी अशी जाम बसते की फिरवताना तुटते. जर्मनीच्या मोहरने १९ व्या शतकात रबरी नळी आणि चिमट्याचं ब्युरेट काढलं, कॉस्टिकसाठी ते अजूनही बरं पडतं. मामाने तिथलं ब्युरेट पहिल्यांदाच जवळून बघितलं, त्या दिवशीच्या दुधाचा गुलाबी रंग टिकेपर्यंत तो वाकून उभा होता.