बेनिफिटचा नियम पक्का व्हायच्या आधी कोण वाचतं? स्कॉटलंडच्या कमिशनची पार्श्वभूमी

स्कॉटलंडमध्ये सरकारी मदतीचा, म्हणजे तिकडच्या भाषेत बेनिफिटचा, नवा नियम करायचा असेल तर त्याचा ड्राफ्ट आधी एका छोट्या स्वतंत्र मंडळाकडे जातो. त्याचं नाव स्कॉटिश कमिशन ऑन सोशल सिक्युरिटी. हे मंडळ कशाला लागतं हे कळायला माझ्या मते एकच आकडा पुरेसा आहे, २० मीटर.

ब्रिटनमध्ये २०१३ साली अपंग लोकांसाठी जुन्या अलाउन्सच्या जागी पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे पिप, आणलं. आधी साधारण ५० मीटरपर्यंतच चालता येत असेल तर येण्याजाण्यासाठीची वरच्या दराची मदत मिळायची, पिपमध्ये ती हद्द २० मीटरवर आणली. म्हणजे तीस-चाळीस मीटर कसंबसं चालणाऱ्या माणसाची मदत कमी व्हायला लागली आणि त्या पैशावर घेतलेली लीजची गाडीसुद्धा परत द्यायची वेळ अनेकांवर आली. आता हा आकडा मूळ कायद्यात नाहीये, तो कायद्याखाली मंत्री जी रेग्युलेशन्स काढतात त्यात आहे, आणि रेग्युलेशन एकदा सभागृहात आलं की खासदारांना त्यातला एक शब्दही बदलता येत नाही, आहे तसं मंजूर करा नाहीतर फेटाळा. त्यामुळे कुणी बारकाईने वाचायचं असेल तर ते आधीच वाचायला हवं.

ही सवय ब्रिटनमध्ये जुनी आहे. १९३४ च्या बेरोजगारी कायद्याने एक वैधानिक समिती नेमली, तिचे अध्यक्ष विल्यम बेव्हरिज, तेच ज्यांच्या १९४२ च्या रिपोर्टवर पुढे सगळी वेलफेअर व्यवस्था उभी राहिली. युद्धानंतर नॅशनल इन्शुरन्सची सल्लागार समिती आली आणि १९८० मध्ये सोशल सिक्युरिटी ॲडव्हायजरी कमिटी. ही कमिटी आजही लंडनच्या मंत्र्यांचे ड्राफ्ट तपासते, पण तिला पळवाटा आहेत, मंत्र्याने तातडीचं कारण दिलं किंवा नवा कायदा होऊन सहा महिने झाले नसतील तर ड्राफ्ट आधी तिच्याकडे न्यावाच लागत नाही.

मग २०१४ चं स्वातंत्र्याचं सार्वमत झालं, स्कॉटलंड ब्रिटनमध्येच राहिलं, पण सार्वमतानंतर नेमलेल्या स्मिथ कमिशनने स्कॉटलंडला जादा अधिकार द्या म्हणून सांगितलं आणि स्कॉटलंड ॲक्ट २०१६ ने अकरा बेनिफिट्स एडिनबराकडे, म्हणजे स्कॉटिश सरकारकडे आले, त्यात अपंगांचे आणि घरच्यांची काळजी घेणाऱ्यांचे सगळ्यात मोठे. इथे एक भोक राहिलं. लंडनची कमिटी स्कॉटिश सरकारचे नियम तपासू शकत नव्हती, कायद्यानेच तिला बाहेर ठेवलं होतं, आणि स्कॉटलंडच्या संसदेला हाऊस ऑफ लॉर्ड्ससारखं दुसरं सभागृहही नाही. म्हणजे अपंग माणसाच्या महिन्याच्या पैशाचा नियम मंत्र्याच्या ऑफिसातून निघून थेट हो-नाहीच्या मतदानाला आला असता.

जून २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेत या बेनिफिट्सच्या कायद्याचं बिल मांडलं त्यात असं स्वतंत्र मंडळ नव्हतंच. पण अपंग आणि केअरर, म्हणजे घरच्यांची काळजी घेणारे, यांच्या बेनिफिट्सवर सल्ला देणारा एक तज्ज्ञ गट मंत्री जीन फ्रीमन यांनी आधीच नेमला होता, जिम मॅककॉर्मिक त्याचे अध्यक्ष, त्या गटाने स्वतंत्र तपासणी हवी असं सांगितलं, संसदीय समितीतही तोच सूर होता आणि मग सरकारनेच दुरुस्ती आणली. एप्रिल २०१८ मध्ये कायदा एकमताने पास झाला. एकमताने, हे मला फार मोलाचं वाटतं. सामाजिक सुरक्षा हा मानवी हक्क आहे हे वाक्य त्याच्या पहिल्याच कलमात आहे.

कमिशन २०१९ मध्ये सुरू झालं, पहिल्या अध्यक्ष सॅली विचर, ज्यांनी आधी चाइल्ड पॉव्हर्टी ॲक्शन ग्रुप आणि इन्क्लुजन स्कॉटलंड या संस्था चालवल्या होत्या. काम काय, तर ड्राफ्ट मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांच्या आणि कायद्यातल्या तत्त्वांच्या नजरेने वाचायचा, रिपोर्ट जाहीर करायचा, आणि लोकांना कशी वागणूक मिळेल याची जी सनद सरकारने लिहून दिलीय ती पाळली जातेय का हेही पाहायचं. शिफारस मानायची मंत्र्यांवर सक्ती नाही, पण रेग्युलेशन मांडताना प्रत्येक शिफारशीवर काय केलं याचं उत्तर लेखी द्यावंच लागतं. अधिकार एवढाच.

आणि तो २० मीटरचा नियम? पिपच्या जागी स्कॉटलंडचं स्वतःचं ॲडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट ऑगस्ट २०२२ मध्ये देशभर सुरू झालं, अपंगांच्या संघटना कितीतरी वर्षं हा नियम काढा म्हणत होत्या, तरी तो तसाच ठेवला गेला. सरकारचं म्हणणं असं की पिपवरून लाखो लोकांना नव्या पेमेंटवर आणताना कुणाचे पैसे अडकायला नकोत आणि जुने-नवे असे दोन निकष एकदम चालायला नकोत. पटो न पटो, हे कारण जाहीरपणे द्यावं तरी लागलं, आणि निकषांचा स्वतंत्र फेरआढावा घेण्याचं वचनही त्यासोबत द्यावं लागलं, तो आढावा २०२४ मध्ये एडेल हॅरिस यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाला.