अवतरणातील व अवतरणाबाहेरील मजकुराची जुळणी (रेग्युलर एक्सप्रेशन)

अवतरणचिन्हांमधला मजकूर रेग्युलर एक्सप्रेशनने (मजकुराचा नमुना चिन्हांत सांगणाऱ्या सूत्राने, म्हणजे पॅटर्नने) शोधणे, किंवा तेवढाच वगळून बाकीचा शोधणे. सीएसव्ही फायली (स्वल्पविरामाने रकाने तोडलेल्या) आणि प्रोग्रॅमचा कोड वाचताना हे काम नेहमी पडते.

रेग्युलर एक्सप्रेशनची गणिती मांडणी अमेरिकी गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांची. मकलक व पिट्स यांच्या मज्जातंतूजालांच्या प्रतिमानावर (१९४३) विचार करताना त्यांनी ती केली. तिचे साल काही ठिकाणी १९५६ दिले जाते. ते छापील लेखाचे आहे. रँड कॉर्पोरेशनसाठीचे मूळ टिपण १९५१चे असल्याने तेच साल धरणे अधिक योग्य. मजकूर शोधण्यासाठी तिचा वापर संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांच्या १९६८च्या लेखानंतर रुळला.

कंसात कंस कितीही खोल जाऊ शकतो, म्हणून काटेकोर अर्थाने तो या पद्धतीच्या आवाक्याबाहेर राहतो. साध्या दुहेरी अवतरणाला उघडणारे व मिटणारे चिन्ह एकच. ‘आत’ आणि ‘बाहेर’ या दोन अवस्था पुरतात. तरीही ".*" हा पॅटर्न फसतो. (. म्हणजे कोणतेही अक्षर, * म्हणजे आधीचे शून्य किंवा अधिक वेळा, शक्य तितके जास्त.) पुढील ओळीत तो पहिल्या चिन्हापासून थेट शेवटच्या चिन्हापर्यंत सारे गिळतो:

"आंबा, हापूस",रत्नागिरी,"५००"

".*?" (*? म्हणजे शक्य तितके कमी) येथे चालतो, पण पॅटर्नचा पुढचा भाग जुळत नसेल तर तोही मधले चिन्ह ओलांडतो. "[^"]*" ओलांडत नाही; [^"] म्हणजे अवतरणचिन्ह सोडून कोणतेही अक्षर. आतले अवतरणचिन्ह बॅकस्लॅशने राखले (\" असे लिहिले) असेल तर "([^"\\]|\\.)*" लागतो; | म्हणजे ‘किंवा’, आणि पॅटर्नमधला \\ म्हणजे एक बॅकस्लॅश. यातील पहिल्या पर्यायातून बॅकस्लॅश वगळणे महत्त्वाचे: तो राहिला तर एकच मजकूर दोन वाटांनी जुळतो आणि मिटणारे चिन्ह नसलेल्या ओळीवर मागे फिरून शोधणारी इंजिने घातांकी (लांबीबरोबर पटीपटीने वाढणारा) वेळ घेऊ शकतात. थॉम्प्सन यांची पद्धत सर्व वाटा एकदम चालवते. तिला हा त्रास नाही. सीएसव्हीत चिन्ह दुप्पट करण्याची रीत आहे (आरएफसी ४१८० हा इंटरनेटविषयक दस्तऐवज, २००५), तेथे "([^"]|"")*" वापरतात.

बाहेरचा मजकूर जास्त अवघड, कारण एखादे अक्षर बाहेर आहे हे त्याच्या शेजाऱ्यांवरून कळत नाही. पुढे अवतरणचिन्हे सम संख्येने उरली आहेत का, हे पाहणारा पॅटर्न प्रचलित आहे:

,(?=([^"]*"[^"]*")*[^"]*$)

तो प्रत्येक स्वल्पविरामापाशी ओळीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. त्यापेक्षा "[^"]*"|([^",]+) बरा: अवतरण आधी सबंध उचलले जाते, आणि बाहेरचा मजकूर तेवढा गटात (गोल कंसातल्या भागात) पडतो. वरील ओळीत गटात फक्त ‘रत्नागिरी’ येते. रिकामे रकाने मात्र यातून निसटतात.

एकेरी चिन्हाचा घोळ इंग्रजीत मोठा, कारण तेच चिन्ह लोपचिन्ह (don't मधले) म्हणूनही येते. मराठी मजकुरात तो क्वचितच उद्भवतो. वळणदार चिन्हांसाठी “[^”]*” पुरे.