स्वतःला इजा आणि आत्महत्येचा प्रयत्न: गल्लत कुठे होते

समजा, मुंबईतल्या एका वसतिगृहातून सावंतवाडीला फोन गेला: "तुमच्या मुलीने जीव द्यायचा प्रयत्न केलाय, लगेच या." आई रात्रभर प्रवास करून दादरला उतरते, वसतिगृहावर पोचते, तर खोलीतल्या मैत्रिणी म्हणतात, "काकू, एवढं काही नाही, नाटकं आहेत तिची." मुलगी एकच, घटना एकच. अंदाज मात्र दोन, आणि दोन्ही चुकलेले असू शकतात.

फरक जखमेच्या खोलीवरून ठरत नाही, हेतूवरून ठरतो. आत्महत्येच्या प्रयत्नात मरण्याची इच्छा असते. ती डळमळीत असेल, पण असते. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलीला बहुतेक वेळा मरायचं नसतं. तिला त्या क्षणी होणारी घालमेल थांबवायची असते, किंवा सगळं बधिर झालेलं असताना काहीतरी जाणवून घ्यायचं असतं. थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं, मग शरम वाटते, मग लपवाछपवी सुरू होते. मे महिन्यातही पूर्ण बाह्या घालून लपवणाऱ्या मुलीवर 'लक्ष वेधून घेते' हा आरोप मला पटत नाही. क्वचित कुणी दुःख दाखवायला असं करतही असेल, पण मग तेवढं करावं लागलं म्हणजे आधी कुणी ऐकलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या वागण्याबरोबर मनाच्या काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: नैराश्य, चिंता, लहानपणी झालेला छळ, स्वतःला सतत घालूनपाडून बोलण्याची सवय, आणि आपल्याला नेमकं काय वाटतंय याला शब्दच न सापडणं. हे शेवटचं आपल्या घरांत फार जपून वाढवलं जातं. 'शहाण्या मुली उलट बोलत नाहीत' हे ऐकत मोठी झालेली मुलगी राग कुणावर काढणार? दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असतील, तर रडायला जागासुद्धा मोरीतच, तीही नळ सोडून.

हा प्रकार फक्त मुलींचा, असंही नाही. मुलींमध्ये तो काहीसा जास्त आढळतो, इतकंच. जगभरातल्या अभ्यासांचा २०१४ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात किशोरवयात सुमारे १७ टक्के आणि तरुण वयात सुमारे १३ टक्के जणांनी कधीतरी असं केल्याचं दिसलं.

आता अवघड भाग. दोन गोष्टी वेगळ्या असल्या, तरी त्यांच्यात भिंत नाही. स्वतःला इजा करून घेणाऱ्यांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला आढळतो. एक कारण असं मांडलं जातं की वेदनेची सवय होत गेली की मरणाची भीतीही बोथट होते. त्यामुळे 'मरायचं नव्हतं ना, मग झालं' म्हणून विषय मिटवणं हे नाटकं म्हणण्याइतकंच वाईट.

कॉलेजं 'पोलीस केस होईल' म्हणून गप्प बसतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरून चालतं, आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं.

तेव्हा त्या आईने सरळ विचारावं, "बाळा, तुला मरावंसं वाटत होतं का?" विचारल्याने मुलीच्या डोक्यात नवं खूळ शिरत नाही. उत्तर 'हो' आलं, तर तिला एकटी सोडायची नाही; केईएम, सायन किंवा नायरच्या मानसोपचार विभागात त्याच दिवशी न्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. उत्तर 'नाही' आलं, तरी समुपदेशकाकडे जायचंच. पण त्याआधी दुसरा प्रश्न: "मग तेव्हा काय होत होतं तुला?" एवढं विचारून गप्प बसायचं. उत्तराला वेळ लागेल.