बिलातली टोटल कधी बदलते आणि कधी बदलत नाही
आमचे बिलिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्या नाशिकमधील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

सातपूर-अंबडचे कारखानदार असोत, भांडी बाजारातले दुकानदार असोत की पंचवटीतले व्यापारी, आमच्याकडे येणारा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो: "नग बदलले, पण टोटल तीच दिसतेय." कधी उलट तक्रार असते: "मी हातही लावला नाही, तरी रक्कम बदलली." दोन्हीचं उत्तर एकाच प्रश्नात आहे: आकडेमोड नेमकी कोणत्या क्षणी होते? हे फोनवर घाईघाईत सांगून भागत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे. बिल तुमच्या सहीने बाहेर जातं. त्यावरचा प्रत्येक आकडा कुठून आला हे तुम्हाला सांगता आलंच पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पांढरे रकाने आणि करडे रकाने

बिलाच्या फॉर्मवर दोन प्रकारचे रकाने आहेत. पांढरे तुम्ही भरता: नग, दर, सुटीचे (डिस्काउंटचे) टक्के, पॅकिंग. करडे सॉफ्टवेअर भरतं. समजा २४० नग आहेत आणि दर ३७.५० रुपये. रक्कम झाली ९,००० रुपये. अडीच टक्के सूट म्हणजे २२५ गेले, राहिले ८,७७५. पॅकिंगचे २०० मिळवले की करपात्र रक्कम ८,९७५. जीएसटी १८ टक्के धरला तर सीजीएसटी (केंद्राचा अर्धा) ८०७.७५ आणि एसजीएसटीही (राज्याचा अर्धा) तेवढाच. बेरीज १०,५९०.५०, राउंड ऑफचे ५० पैसे आणि बिल १०,५९१ रुपयांचं. म्हणजे वर एक नग इकडचा तिकडे झाला की खाली सगळे करडे रकाने पुन्हा मोजावे लागतात.

करड्या रकान्यात टाइप करता येत नाही, ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. "पार्टीशी गोल आकड्यात ठरलंय, टोटलच तेवढी करून द्या," असा आग्रह होतो. पण टोटल हाताने बदलली तर वरचा कर त्या टोटलशी जुळत नाही, आणि रिटर्न भरताना तुमचे सीए तुम्हालाच विचारतात. जे कमी करायचं ते सुटीच्या रकान्यात करा, बाकीचं आपोआप जुळेल.

एक्सेलसारखं लगेच का होत नाही?

एक्सेलच्या शीटला स्वतःलाच ठाऊक असतं की कोणता सेल कोणावर अवलंबून आहे. बिलाच्या फॉर्मवरच्या रकान्याला तसं काही ठाऊक नसतं. नगाच्या रकान्याला शेजारी दर आहे हेसुद्धा माहीत नसतं. तो फक्त एक निरोप देऊ शकतो: "माझ्यात बदल झाला." या निरोपाला प्रोग्रामिंगमध्ये इव्हेंट म्हणतात, आणि निरोप आल्यावर जो कामाला लागतो तो इव्हेंट हँडलर.

मार्केट यार्डात हे रोज घडतं. काट्यावरून वजनाची चिठ्ठी आली की दिवाणजी पट्टी (मालाचा हिशोब) करायला घेतो. चिठ्ठी आलीच नाही तर माल समोर दिसत असूनही पट्टी होत नाही. आणि एकाच मालाच्या दोन चिठ्ठ्या आल्या तर एक पट्टी जास्तीची होते. आमच्याकडे आलेल्या टोटलच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी याच दोन जातींच्या निघाल्या आहेत: चिठ्ठी पोचली नाही, किंवा नको तेव्हा पोचली.

डॉसवरच्या फॉक्सप्रोत बिलं केलेले आमचे जुने ग्राहक म्हणतील, तेव्हा ही भानगड नव्हती. खरं आहे. तिथे प्रोग्राम ठरवायचा की आधी नग विचारायचे, मग दर, मग सूट. एका मागून एक जायचं आणि शेवटी टोटल. विंडोजवर माउस तुमच्या हातात आला आणि क्रम तुमचा झाला. १९९१ साली व्हिज्युअल बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा आली आणि अशा इव्हेंटवर बेतलेले डेस्कटॉपचे प्रोग्राम लिहिणं सोपं झालं. तुम्ही आधी सूट भराल, मग पार्टी बदलाल, मग परत नगावर याल. कुठल्याही वाटेने आलात तरी टोटल बरोबरच यायला हवी, ही जबाबदारी आमची.

त्यासाठी एक नियम आम्ही कधीच मोडत नाही. दिवाणजी एकच. नगाचा हँडलर, दराचा हँडलर, सुटीचा हँडलर, यांतला कोणीही स्वतः गुणाकार करत नाही. सगळे फक्त एकाच ठिकाणी निरोप नेऊन देतात, आणि तिथे आकडेमोड नेहमी वरून खाली, ठरलेल्या क्रमाने होते. प्रत्येक रकान्यामागे वेगळं गणित लिहिलं की आज ना उद्या त्यातलं एक बदलतं आणि दुसरं तसंच राहतं. मग नग बदलल्यावर एक टोटल येते आणि दर बदलल्यावर दुसरी.

प्रत्येक बटणाला नाही, रकाना सोडताना

तुम्ही २४० टाइप करता तेव्हा रकान्यात आधी २ येतो, मग २४, मग २४०. प्रत्येक बटणाला हिशोब केला तर रक्कम ७५, ९००, ९,००० अशी नाचत जाईल. शिवाय "३७." एवढंच टाइप झालेलं असताना तो आकडा अजून पूर्णच नसतो, त्यावर हिशोब कशाचा करणार? म्हणून आमच्या बिलात आकडेमोड होते ती तुम्ही रकाना सोडता तेव्हा. टॅब मारा, एंटर मारा, किंवा माउसने दुसऱ्या रकान्यात जा. कर्सर जोवर त्याच रकान्यात लुकलुकतो आहे तोवर खाली जुनीच टोटल दिसेल. तो बिघाड नाही.

वस्तूंच्या टेबलमध्येही तसंच. ओळीतला एक चौकोन सोडला की ती ओळ मोजली जाते. पण चौकोनात असतानाच एस्केप दाबलं तर टाइप केलेला आकडा जातो आणि जुना परत येतो, एवढं ध्यानात ठेवा.

ज्यांच्या घरात कोणी इंजिनिअरिंगला आहे त्यांच्यासाठी सांगतो: विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजवर असे फॉर्म बनवायचं साधन) अक्षरागणिक येणाऱ्या इव्हेंटचं नाव टेक्स्टचेंज्ड. रकाना सोडताना आधी लीव्ह येतो, मग व्हॅलिडेटिंग, मग व्हॅलिडेटेड. आकडा योग्य आहे का हे आम्ही व्हॅलिडेटिंगमध्ये तपासतो आणि हिशोबाचा निरोप व्हॅलिडेटेडवर पाठवतो. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि देवनागरी अंक टाइप झाले तर नुसतं डॉटनेट (विंडोज फॉर्म्सच्या मागची मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) त्यांना आकडा मानत नाही, म्हणून तपासण्याआधी आम्ही ते बदलून घेतो.

सेव्हच्या बटणाने केलेली चूक

ही आमची चूक होती आणि ती लिहून ठेवायलाच हवी. एका कारखान्यात बिल करताना नग २४ चे २४० केले आणि टॅब न मारता थेट वरच्या पट्टीवरच्या सेव्हच्या चित्रावर क्लिक केलं. छापलेल्या बिलावर नग २४० आणि रक्कम मात्र २४ नगांची, ९०० रुपये. माल गेला, बिल गेलं आणि फरक पार्टीकडून कळला.

कारण असं. विंडोज फॉर्म्समध्ये वरच्या पट्टीवरचं बटण दाबलं तरी कर्सर रकान्यातून हलत नाही. कंट्रोल आणि एस दाबून सेव्ह केलं तरी हलत नाही. रकाना सोडलाच नाही, म्हणून निरोप गेला नाही. निरोप गेला नाही, म्हणून हिशोब झाला नाही. आम्ही मात्र चाचणी घेताना दर वेळी शिस्तीने टॅब मारत होतो, त्यामुळे हे आमच्या नजरेस आलंच नाही.

आता सेव्हचा हँडलर आधी चालू रकाना बंद करून घेतो, मग स्वतः पूर्ण हिशोब करायला लावतो आणि त्यानंतरच बिल साठवतो. छपाईच्या बटणालाही तेच लागू केलं आहे. ज्यांच्याकडे अजून जुनी आवृत्ती आहे त्यांनी सेव्हआधी एकदा टॅब मारण्याची सवय ठेवावी आणि आम्हाला कळवावं. नवीन आवृत्ती आम्ही येऊन टाकून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही.

दोन रकाने एकमेकांना हलवू लागले तर

सूट टक्क्यांत देता येते आणि रुपयांतही. एक भरला की दुसरा आपोआप भरतो. दिसायला सोपं आहे, पण लिहिताना इथेच सगळ्यात जास्त जपावं लागतं.

९,००० च्या मालावर तुम्ही २०० रुपये सूट लिहिली. टक्के येतात २.२२२२ आणि पुढे न संपणारे. रकान्यात दिसतात २.२२. आता टक्के बदलले म्हणून तो रकाना निरोप देतो, आणि ९,००० चे २.२२ टक्के म्हणजे १९९.८०. तुम्ही लिहिलेले २०० डोळ्यांदेखत १९९.८० होतात. गिऱ्हाइकाला २०० म्हणालात आणि कागदावर वीस पैसे कमी! प्रोग्रामने रकान्यात आकडा घातला तरी "बदल झाला" हा इव्हेंट येतो. माणसाने घातला की प्रोग्रामने, हे त्याला कळत नाही. काही प्रोग्राममध्ये तर हे रकाने एकमेकांना निरोप देत राहतात आणि शेवटी स्क्रीन गोठते.

आम्ही दोन गोष्टी करतो. हिशोब चालू असताना "काम चालू आहे" अशी खूण लावून ठेवतो, आणि ती खूण असेपर्यंत आलेला निरोप कोणी ऐकत नाही. दुसरं म्हणजे तुम्ही शेवटी टक्के लिहिले होते की रुपये, हे बिलासोबत साठवतो. रुपये लिहिले असतील तर २०० म्हणजे २००च. शेजारचे २.२२ फक्त माहितीसाठी दिसतात, त्यांवरून काही मोजलं जात नाही. मग नग वाढवले तर रुपयांची सूट तेवढीच राहते आणि टक्क्यांची सूट वाढते. हे अनेकांना चुकल्यासारखं वाटतं, पण तुम्ही जे कबूल केलं तेच बिलावर राहावं यासाठी ते तसं आहे.

जुनं बिल उघडलं की

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ आणि १८ मध्ये गेल्या. भांडी १२ वरून ५ वर आली, त्यामुळे भांडी बाजारातल्या आमच्या ग्राहकांनी त्या दिवशी वस्तूंच्या यादीतला दर बदलला. आता ऑगस्ट २०२५चं बिल नुसतं पाहायला उघडलं तर काय होईल? बिल उघडताना प्रोग्राम एकेक रकाना भरत जातो आणि भरलेला प्रत्येक रकाना निरोप देतो. त्या निरोपावर हिशोब झाला आणि दर यादीतून उचलला, तर १२ टक्क्यांचं बिल मुकाट्याने ५ टक्क्यांचं होऊन बसेल. "मी हात लावला नाही तरी रक्कम बदलली" ही तक्रार बहुतेक वेळा अशीच उगवते.

म्हणून बिल उघडताना सगळे हँडलर गप्प ठेवलेले असतात. साठवलेले आकडे जसेच्या तसे दिसतात. कराचा दरही त्या त्या बिलाच्या ओळीतच साठवलेला असतो, त्यामुळे दुरुस्तीसाठी बिल उघडून नग बदलले तरी कर त्या तारखेच्याच दराने लागतो.

पार्टी बदलली की मात्र हिशोब होणारच. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४. नाशिकची पार्टी काढून वापीची घातली की ८०७.७५ चे दोन रकाने जाऊन आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) १,६१५.५० एकच येतो. पुरवठ्याचं ठिकाण पार्टीच्या राज्याहून वेगळं ठरत असेल तर "पुरवठ्याचं ठिकाण" हा रकाना तुम्ही बदला, कर त्यावरून ठरतो.

एका रुपयाचा आणि एका पैशाचा फरक

वरचं १०,५९०.५० चं बिल आठवा. डॉटनेटला नुसतं "राउंड कर" म्हटलं तर ते १०,५९० देतं, कारण बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जायची त्याची पद्धत आहे. सीजीएसटी कायद्याच्या १७० व्या कलमात कराची रक्कम जवळच्या रुपयाला आणताना ५० पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया धरायला सांगितलं आहे. बिलाच्या टोटललाही आम्ही तोच नियम लावतो, म्हणून १०,५९१.

कॅल्क्युलेटरशी एखादा पैसा जुळला नाही तर घाबरू नका. आम्ही कर ओळीवार काढतो. ३३.४० रुपयांच्या तीन ओळी असतील तर प्रत्येकीचा ९ टक्के कर ३.०१, मिळून ९.०३. तुम्ही १००.२० वर एकदम काढाल तर ९.०२. तुमचे सीए एकदम काढायला सांगत असतील तर सेटिंगमध्ये तसं करता येतं. पण वर्षाच्या मध्येच पद्धत बदलू नका, एप्रिलपासून बदला.

टोटलबद्दल शंका आली तर आधी एफ नऊ दाबा. त्याने पूर्ण बिल पुन्हा मोजलं जातं. आकडा बदलला, तर कुठलातरी निरोप वाटेत राहिला होता आणि ती आमची चूक आहे, लगेच फोन करा. तेव्हा तीन गोष्टी सांगितल्यात तर शोध पटकन लागतो: बिल नंबर, शेवटी कोणत्या रकान्यात होतात, आणि तिथून टॅबने बाहेर पडलात की माउसने. बिल बंद करण्याआधी स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.