सात आठी छप्पन, पण किती वेळात?

८४ गुणिले ७. पहिली पायरी बहुतेक मुलांना जमते: सात चोक अठ्ठावीस, खाली ८, हातचे २. आता सात आठी किती? ज्याला छप्पन ठाऊक आहे, तो त्यात हातचे २ मिळवून ५८८ लिहून मोकळा होतो. ज्याला ठाऊक नाही, तो सात एके सातपासून पाढा म्हणत येतो, नाहीतर बेचाळीसच्या पुढे बोटं मोजत बसतो. छप्पनला पोचेपर्यंत हातचे २ होते की ३, की नव्हतेच, हे डोक्यातून गेलेलं असतं. उत्तरपत्रिकेत दिसतं ५९८ किंवा ५६८, आणि निष्कर्ष निघतो की गुणाकाराची रीत कच्ची आहे. रीत पक्की असते. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

डोक्यात एका वेळी किती गोष्टी धरून ठेवता येतात, याला मर्यादा आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास सांगितला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. या तुटपुंज्या जागेला मानसशास्त्रात कार्यरत स्मृती म्हणतात. शाब्दिक उदाहरण वाचायचं, काय विचारलंय ते लक्षात ठेवायचं, पायऱ्या ठरवायच्या, हातचे सांभाळायचे, हे सगळं तिथेच चालतं. त्यात सात आठीची मोजणीही घुसली, की काहीतरी बाहेर पडणारच. पाढे पाठ असण्याचा खरा फायदा हा आहे. चटकन उत्तर देऊन वाहवा मिळवणं हा नव्हे.

मोजण्यापासून आठवण्यापर्यंतचा हा प्रवास मेंदूतही दिसतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात ते नऊ वर्षांच्या मुलांच्या मेंदूची चित्रं सुमारे वर्षभराच्या अंतराने घेतली गेली. मुलं बोटं सोडून आठवणीवर येऊ लागली, तसा स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग बेरजेच्या वेळी जास्त कामाला लागला. त्याच्या आदल्या वर्षीचा अभ्यास तर थेट परीक्षेशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या बारावीच्या विद्यार्थ्यांना स्कॅनरमध्ये एक अंकी, अगदी सोपी गणितं दिली. पीएसएटी या प्रमाणित परीक्षेत गणितात ज्यांचे गुण जास्त होते, त्यांच्यात तथ्यं आठवण्याशी जोडलेला डावीकडचा भाग अधिक सक्रिय होता. कमी गुणवाल्यांत संख्यांचा हिशेब करणारा उजवीकडचा भाग. यातून कारण सिद्ध होत नाही, नुसता संबंध दिसतो. तरीही बारावीच्या मुलांमध्ये इतक्या साध्या गणितांवर हा फरक दिसावा, हे मला विलक्षण वाटतं.

मग पाढे घोकून घ्यावेत का? घोकणं वाईट नाही, पण अपुरं आहे. ओळीने म्हटलेला पाढा ही साखळी असते. आधीची कडी हाती आल्याशिवाय पुढची येत नाही. परीक्षेत प्रश्न मधूनच येतो. सलग म्हणणारं मूल ‘सहा आठी?’ असं अचानक विचारल्यावर ओठ हलवू लागलं, तर त्याला पाढा येतो, उत्तर येत नाही. आठवायचा सराव आठवूनच होतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये गणितावर नव्हे, उताऱ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचण्याऐवजी आठवून लिहिणारे पुढे गेले. आदल्या रात्रीच्या उजळणीने एवढा आत्मविश्वास का येतो आणि तो का टिकत नाही, ते यावरून कळावं.

काम वाटतं तेवढं मोठंही नाही. दहापर्यंतचे पाढे म्हणजे शंभर उत्तरं. पण ३ × ८ आणि ८ × ३ एकच, म्हणून राहिली ५५. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे बहुतेकांना येतात. ते वगळले की २१. नऊपट हवी असेल तर दहापटीतून एकपट वजा करायची, आणि ६ × ६ सारखे वर्ग तसेही लवकर बसतात. शेवटी उरतात दहा जोड्या: ३ × ४, ३ × ६, ३ × ७, ३ × ८, ४ × ६, ४ × ७, ४ × ८, ६ × ७, ६ × ८ आणि ७ × ८. यातल्या तीन-चारच घ्याव्यात, येणाऱ्या जोड्यांत मिसळून रोज पाच-दहा मिनिटं विचाराव्यात, जमलेली जोडी आधी दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी पुन्हा काढावी. चुका नीट पाहाव्यात. सात आठीला मुलं सहसा ५७ म्हणत नाहीत. ४८, ५४ किंवा ६३ म्हणतात, म्हणजे शेजारच्या जोडीचं उत्तर उचलतात. अशा वेळी ‘सात साती एकोणपन्नास, त्यात आणखी सात’ हा रस्ता दाखवला, तर पुढच्या वेळी पडताळायला काहीतरी हाती राहतं.

घड्याळ शेवटी आणावं. ॲशक्राफ्ट आणि कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं, की गणिताची धास्ती कार्यरत स्मृतीचीच जागा खाते. म्हणजे जी जागा मोकळी करायला पाढे पाठ केले, तीच भीतीने पुन्हा भरते. काही परीक्षांत वेळेचं बंधन टळत नाही. इंग्लंडमध्ये २०२२ पासून चौथ्या इयत्तेची पाढ्यांची चाचणी सक्तीची आहे: संगणकावर २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. तिथे बसणाऱ्या मुलाला त्या पडद्याची आणि त्या वेळेची सवय हवीच, पण उत्तरं बिनघड्याळ अचूक येऊ लागल्यावर. शेवटच्या दोन-तीन दिवसांत नवी जोडी घेऊच नये. आधीच्या चुकांची चिठ्ठी काढावी आणि तेवढंच विचारावं.