तांग यिन आणि दासीची ती प्रेमकथा

मिंग काळातला चित्रकार तांग यिन एका दासीवर भाळला आणि तिच्यासाठी तिच्या मालकाकडे नोकर म्हणून राहिला, ही गोष्ट चीनमध्ये आजही नाटक-सिनेमांतून सांगितली जाते. ती रचलेली आहे. तो १५२४ मध्ये वारला; त्यानंतर शंभर वर्षांनी फंग मंगलोंगच्या कथासंग्रहाने ती लोकप्रिय केली.

खरा तांग यिन सूचौ शहरातल्या खाणावळवाल्याचा मुलगा. ऐन तारुण्यात आईवडील, बायको, बहीण गमावली. १४९८ मध्ये सरकारी अधिकारी निवडणाऱ्या नानजिंगच्या परीक्षेत पहिला आला, पुढच्याच वर्षी बीजिंगला पेपरफुटीच्या आरोपात तुरुंगात! अधिकारीपद कायमचं हुकलं. मग चित्रं विकूनच जगला. शांघाय संग्रहालयातली त्याची पंखा धरलेली स्त्री जरूर पाहा. शरद आला की पंखा बाजूला पडतो, जगही तसंच वागतं, हे त्यानेच चित्रावर कवितेत लिहिलंय.