ढेरपोट्या डोडो आणि सावेरीबुवांची करामत

डोडो म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? ढेरपोट्या, आखूड पायांचा, बावळट चेहऱ्याचा पक्षी, ज्याला पळता येत नाही म्हणून माणसांनी खाऊन संपवला. आता यातला ढेरपोट्या हा भाग बराचसा एका चित्रकाराची करणी आहे, त्याचं नाव रोलांट सावेरी. (आडनाव ऐकून कर्नाटकी संगीतातला राग आठवतो, पण संबंध काही नाही!)

सावेरी जन्मला 1576 मध्ये, आजच्या बेल्जियममधल्या कोर्त्रेक गावात. घरचे प्रोटेस्टंट पंथाचे, त्यामुळे स्पॅनिश राजवटीला घाबरून लहानपणीच हॉलंडात पळून आले. चित्रकला मोठ्या भावाकडे, याकोबकडे शिकला आणि मग 1600 नंतर थेट प्रागला, सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या दरबारात. आता हा रुडॉल्फ म्हणजे छांदिष्ट माणूस, राज्यकारभारापेक्षा दुर्मिळ वस्तू, प्राणी, पक्षी जमवायचा नाद जास्त. प्राण्यांचं चित्र काढणाऱ्याला अजून काय पाहिजे? शिवाय सावेरीने एक मस्त युक्ती धरली होती, विषय घ्यायचा धार्मिक किंवा पुराणातला, नोआची नौका, ईडनची बाग, वीणा वाजवणारा ऑर्फियस, आणि मग सगळा कॅनव्हास प्राण्यांनी भरून टाकायचा. ऑर्फियस कुठे आहे ते शोधावं लागतं, उंट लगेच दिसतो 😄

या माणसाला जे दिसतंय ते काढायची खरंच आवड होती. बाजारात बसलेल्या शेतकऱ्यांची त्याने स्केचेस केली आणि त्यावर डच भाषेत लिहून ठेवलं, ‘प्रत्यक्ष पाहून’. ही स्केचेस इतकी भारी की कित्येक वर्षं लोक ती ब्रूगेल या नामांकित चित्रकाराची समजत होते, 1970 च्या सुमारास अभ्यासकांनी ती सावेरीच्या नावावर केली.

पण डोडोच्या बाबतीत ‘प्रत्यक्ष पाहून’ची गोची आहे. त्याने डोडो बऱ्याच चित्रांत काढला, सगळ्यात गाजलेलं चित्र 1626 च्या सुमाराचं, ते आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. नंतरच्या मालकाने सांगून ठेवलं की हे जिवंत पक्ष्यावरून काढलंय. असेलही. पण रुडॉल्फच्या संग्रहात पेंढा भरलेला डोडो होता अशी नोंद आहे, आणि पेंढा भरणाऱ्याने हात सैल सोडला तर पक्षी फुगणारच ना. किंवा जिवंत असेल तर जहाजावर पिंजऱ्यात बसून खाऊन खाऊन सुटलेला असेल.

याउलट 1601 मध्ये डोडोच्या मूळ बेटावर, मॉरिशसला गेलेल्या ‘गेल्डरलँड’ जहाजाच्या रोजनिशीत तिथल्या तिथे काढलेले डोडो आहेत, ते चांगले सडसडीत आहेत. पण रोजनिशी कोण बघतो, लोकांनी बघितलं ते मोठं रंगीत चित्र.

आणि मग खरी गंमत. 1865 मध्ये मॉरिशसच्या दलदलीत डोडोची भरपूर हाडं सापडली. रिचर्ड ओवेन, त्या काळचा नावाजलेला शरीररचनातज्ज्ञ, त्याने सांगाडा कसा मांडला? सावेरीच्या चित्राची बाह्यरेषा घेतली आणि तिच्यात हाडं बसवली! म्हणजे शर्टाच्या मापावरून माणूस कापायचा. हाडांवरून आकार काढायचा असतो, इथे आकारावरून हाडं. नंतर त्याचं त्यालाच पटलं आणि पुढच्या मांडणीत त्याने पक्षी ताठ उभा केला, पण तोवर लोकांच्या डोक्यात जाड्या डोडो पक्का बसला होता.

आता पायाच्या हाडांची जाडी मोजून वजनाचे अंदाज काढतात (हाड किती भार पेलू शकेल त्यावरून), तर बरेच नवे अंदाज दहा-बारा किलोच्या आसपास येतात, जुने लोक वीस किलोच्या वर सांगायचे. डीएनए सांगतो की हा कबुतरांच्या घराण्यातला, आणि हयात असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक आपल्या निकोबार बेटांवर सापडतो, निकोबारी कबूतर, हिरवं चमकदार आणि व्यवस्थित उडणारं.

अजून एक चित्र आहे, तेही आपल्याकडचं. महाराजांनी सुरत लुटली त्याच्या तीसेक वर्षं आधी पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो बघितले होते. आणि त्याच सुमारास जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने एक डोडो काढला असं मानतात, तपकिरी, आटोपशीर, आजूबाजूला बाकीचे पक्षी अगदी ओळखता येतील असे नीट. बाकीचे इतके अचूक म्हणजे डोडोही अचूक असणार, असा अभ्यासकांचा हिशोब. हे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज म्युझियममध्ये आहे आणि गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच्याकडे पक्षीतज्ज्ञांचं लक्षच गेलं नव्हतं.

सावेरी मात्र 1639 मध्ये उट्रेख्टला वारला, त्याच्या आदल्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं होतं.